सांगून जायची वाट

माणसाला हक्क येतो कुठून, हे मी लोणावळ्यात शिकले, रविवारी सकाळी एका व्हरांड्यात बसून. तो जातो कसा, हे मला वडगावच्या कचेरीत कळलं आणि त्याला अर्धा तासही लागला नाही. शिकवणारा माणूस दोन्हीकडे एकच होता.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, हिला राग यावा लागत न्हाई, त्यो हिच्या घरी बसूनच असतो. तेव्हा वाचणाऱ्याला वाटलं की बाई फार तडतडते, तर ते खरं आहे. गोड बोलणाऱ्या माणसाकडून मी एकदा शिकले आहे, आता मला त्याची हौस राहिलेली नाही.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला काम करते. राहते बेगडेवाडीला. माहेर पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून. तिथे आमची बौद्धांची घरं आहेत, गावापासून थोडी सुटी. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधी ते गावात कसे वागत, कुठे उभे राहत, काय उचलत, हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. आजीने थोडं सांगितलं, तेही चुलीकडे तोंड करून.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं की नागरिकांना हक्क राज्यघटनेने दिले. मी बाईंना विचारलं, मग घटनेच्या आधी माझ्या आज्याला हक्क नव्हतेच का? आणि नव्हते, तर त्याच्याशी लोक वागले ते चुकीचं कसं म्हणायचं? बाई म्हणाल्या, परीक्षेला येणार नाही ते विचारू नकोस. मी वही मिटली, पण प्रश्न काही गेला नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, तरी तो आपला होताच.

म्हणून जेव्हा स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की लोणावळ्यात एक निवृत्त प्राध्यापक ‘मानवी हक्कांचा तात्त्विक पाया’ असा वर्ग फुकट घेतात, कुणीही यावं, तेव्हा मी पुढच्याच रविवारी लोकलने लोणावळ्याला गेले. भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरांचा बंगला. व्हरांड्यात सतरंजी, एक फळा, आणि आम्ही सात-आठ जण: एक नर्स, वकिलीची दोन-तीन मुलं, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, असे. सरांनी ज्याला त्याला विचारलं, तुम्ही का आलात. मी माझा प्रश्न सांगितला.

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “पुढचं सगळं वर्ष आपण एवढ्या एका प्रश्नावर घालवलं तरी चालेल.” आणि फळ्याकडे न वळता बसल्याबसल्या समजावून सांगायला लागले. हक्क जर कायद्याने दिला असेल, तर कायदा तो काढूनही घेऊ शकतो. आणि कायद्याच्या आधी कुणावर अन्याय झाला असं म्हणताच येणार नाही. पण आपल्याला तर आतून ठाऊक आहे की यांच्या आजोबांवर अन्याय झाला. म्हणजे कायद्याच्याही खाली काहीतरी असलं पाहिजे, ज्यावर कायदा उभा आहे. ते काय, ते शोधायचं.

माझ्या आजोबांबद्दल एवढ्या आदराने कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडले. समोर बसलेल्या बाईने मला चिक्की दिली, तिला वाटलं माझं घरी काही बिनसलं असावं.

त्यानंतर मी एक रविवार चुकवला नाही. नवरा म्हणायचा, आमच्या घरात आठवड्याला एकदा मानवी हक्काची सुट्टी असते, त्या दिवशी स्वयंपाक मीच करतो. सर एकेक मत मांडायचे आणि आम्ही त्याच्या मागे लागायचो. कुणी म्हणतं हक्क देवाने दिले. आमच्यात देवाचं काम नाही, म्हणून ते मी लगेच बाजूला ठेवलं. कुणी म्हणतं, माणसाला बुद्धी आहे म्हणून त्याला हक्क. मी म्हटलं, माझ्या आत्याला शेवटी स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तिचे हक्क कमी झाले का? कुणी म्हणतं, सगळ्यांनी मिळून करार केला, एकमेकांना सांभाळायचं ठरवलं, त्यातून हक्क आले. मी म्हटलं, करार करायला आम्हाला कुणी बोलावलं होतं? सर मोठ्याने हसले. “भांडा,” म्हणाले, “हक्क भांडूनच कळतो.” मला भांडायला सांगणारा मास्तर आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. मी खूश होते. अगदी मूर्खासारखी खूश होते.

सरांचं एक वाक्य मी स्टोअरच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं. जे मागून मिळतं आणि देणाऱ्याच्या मर्जीवर राहतं, ती मेहेरबानी. हक्काला कुणाची मर्जी लागत नाही.

एका रविवारी सर म्हणाले, पुस्तकं पुरे, आता प्रत्येकाने आपल्या घरचं, गावचं एक उदाहरण आणा. मी आमच्या मयताच्या वाटेचं सांगितलं.

ते असं. धरण झालं तेव्हा वस्तीची जुनी मसणवट पाण्याखाली गेली. पुढे गावाला मयतं जाळायला पत्र्याची शेड मिळाली, पण ती गावाची. आमची माणसं काठाने वर सरकली आणि एका सपाट खडकाजवळ आपली मयतं जाळू लागली. तिथे जायला वाट एकच, आबांच्या भातखाचरांतून, बांधावरून. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. आमचे ते कुणी लागत नाहीत, पण सगळी वस्ती त्यांना आबाच म्हणते. वस्तीत कुणी गेलं की तिरडी उचलण्याआधी एक माणूस आबांच्या घरी जायचा. ओट्यापासून लांब उभा राहून म्हणायचा, “आबा, मयत हाय. निघतुया.” आबा म्हणायचे, “या.” एवढंच. मग ते स्वतः उठायचे, खाचराच्या तोंडाची काटेरी झाप बाजूला करायचे, बैल चरत असला तर लांब नेऊन बांधायचे, पाणी साठलेलं असलं तर बांध फोडून वाट कोरडी करायचे. आणि बांधाच्या टोकाला एक फोडलेलं लाकूड ठेवायचे, चितेसाठी. आमची माणसं जाताजाता ते उचलून घ्यायची. आबा तोवर लांब आंब्याखाली जाऊन उभे राहिलेले असायचे.

“त्येंचं लाकूड कंदी चुकलं न्हाई,” आई म्हणायची, “आन त्ये कंदी जवळ आलं न्हाई.” दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात म्हणायची. माझे वडील गेले तेव्हा सांगायला माझा भाऊ गेला होता आणि लाकूड जांभळीचं होतं, हे मला लख्ख आठवतं.

सर एकाग्र होऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही परवानगी घेता.”

“छे,” मी म्हटलं, “सांगतो. विचारत नाही.”

“आणि त्यांनी एखाद्या वेळी नाही म्हटलं असतं तर?”

ते कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी आईला मागे एकदा असंच काहीतरी विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, “इचारायचं कशाला? सांगायचं. मेलेल्याला कोन थांबवतंय?” मी तेच उत्तर दिलं. सर मान हलवत म्हणाले, सुंदर आहे, पण तत्त्वाच्या दृष्टीने ही मेहेरबानीच, कारण ‘या’ म्हणणारा माणूस ‘येऊ नका’ही म्हणू शकतो. मी कडाडून भांडले. मी म्हटलं, शेजाऱ्याच्या घरी मरण झालं हे कळल्यावर माणूस उठून वाट साफ करतो, तर तो परवानगी देत नसतो, त्याच्यावर येऊन पडलेलं करत असतो. नर्स माझ्या बाजूने बोलली. वकिलीची मुलं सरांच्या बाजूने. वर्ग रंगला. सर फार खूश होते.

पुढे आषाढात एका रविवारी पर्यटकांच्या गर्दीमुळे भुशीकडचा रस्ता पोलिसांनी बंद केला. बंगल्यापर्यंत पोचणं मुश्कील. सरांनी फोन केला, “आपणच बाहेर पडू. तुमची ती वाट दाखवा आम्हाला.” आम्ही चार-पाच जण त्यांच्या गाडीतून वस्तीवर गेलो. आईने खेकड्यांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकरी, इंद्रायणीचा भात. सर जमिनीवर मांडी घालून बसले. खेकड्याच्या नांग्या दातांनी फोडून खाल्ल्या, दोनदा कालवण घेतलं. आई दारामागून बघत होती. तिच्या लहानपणी तिच्या हातचं पाणीसुद्धा गावातल्या कुणी घेतलं नसतं. “येवढा मोटा मानूस,” ती मला आत ओढून म्हणाली, “आन बग कसा जेवतूय.”

जेवण झाल्यावर मी सगळ्यांना वाटेवरून खडकापर्यंत नेलं. खाचरांत लावणी झालेली, पाणी भरलेलं, पलीकडे तुंग किल्ल्याचं टोक ढगात. सर बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, “काय शांत आहे.” आबा बांधावर आले होते. आम्ही वस्तीवर परतून भांडी घासेपर्यंत सर त्यांच्याशी बोलत उभे होते. मला वाटलं, प्रथा समजून घेताहेत. मला अभिमानच वाटला, माझ्यामुळे आबांशी एक प्राध्यापक बोलतोय.

दिवाळीनंतर मी आईकडे गेले, तर वाटेच्या तोंडाशी सिमेंटचे खांब रोवत होते. जाळीची भेंडोळी पडली होती. आबांच्या मुलांच्या वाटण्या चालल्यात हे मला माहीत होतं. मी भावाला विचारलं, कुणी घेतली रं जमीन?

भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दामच विचारतेय. “म्हंजी? तुला म्हाईत न्हाई? तुज्या सरांनीच घेतलीया.”

हक्कांचे प्राध्यापक कागदावर शेतकरी होते. वडिलांची कुठेतरी जमीन होती, त्यामुळे त्यांना शेतजमीन घेता येत होती. ते सगळं रीतसर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्या रविवारी मी वर्गाला गेले. सगळ्यांदेखत विचारलं, “सर, आबांचं खाचर तुम्ही घेतलंत?” सरांनी शांतपणे कपात चहा ओतला. “मी तुम्हाला सांगणारच होतो,” म्हणाले. “तिथे एक छोटंसं घर बांधायचंय. लिहीन, वाचीन. आणि वाटेची काळजी करू नका. मी असताना तुम्हाला कोण अडवणार?” मग ते फळ्याकडे वळले आणि मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते विचारलं. मी तासभर बसून राहिले. काय शिकवलं ते आठवत नाही. त्यानंतर मी त्या व्हरांड्यात पाऊल टाकलं नाही.

डिसेंबरात फाटक बसलं, फाटकाला कुलूप. वस्तीने बसून ठरवलं की कायद्यानेच जायचं. तळेगावच्या एका वकिलाने आम्हाला नीट समजावलं. लोकांनी एखादी वाट वीस-वीस वर्षं उघडपणे, आपली म्हणून वापरली, तर ती वहिवाट होते, मालक बदलला तरी तिच्यावर हक्क राहतो. मात्र वापर परवानगीने झालेला नको. परवानगीने चाललेली वाट शंभर वर्षं चालली तरी ती मालकाची मर्जीच. “तुमची तर धरणापासूनची वाट आहे,” तो म्हणाला, “काळजीच नको.” मी त्याला काही सांगितलं नाही आणि त्याने मला काही विचारलं नाही. आबांना जाऊन सांगणं ही कचेरीत बोलायची गोष्ट आहे, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे कुणी वकिलाला जाऊन सांगतं का?

वडगावच्या तहसील कचेरीत तारीख लागली. आई हट्टाने आली होती. तिला तेव्हाच दम लागायचा, तिला बाकावर बसवलं. मांजरपाटाची पिशवी मांडीवर धरून ती बसली. सर आले, त्यांनी वाकून आईला नमस्कार केला. आईनेही केला.

आमच्या वकिलाने वाटेचं सगळं मांडलं. मग सर स्वतः बोलायला उठले. आवाज तोच, वर्गातला, सावकाश, प्रत्येक शब्द नीट ठेवणारा. म्हणाले, “या लोकांविषयी मला अतिशय आदर आहे. पण वस्तुस्थिती मांडणं माझं कर्तव्य आहे. ही वाट परवानगीने वापरली जात होती. प्रत्येक मयताच्या वेळी मूळ मालकाच्या घरी जाऊन सांगायची आणि ते हो म्हणाले की निघायची प्रथा होती. हे मला यांनीच सांगितलं.” त्यांनी माझ्याकडे हात केला. “त्या अत्यंत प्रामाणिक आहेत. त्यांनाच विचारा.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे खरं आहे का?

वकिलाने वळून माझ्याकडे पाहिलं, त्याला हे नवीन होतं. मी म्हटलं, “आम्ही सांगायचो. विचारत नव्हतो.”

“आणि मालक काय म्हणायचे?”

मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला हवं होतं की नाही, यावर घरात अजून भांडणं होतात. पण सरांनी मला ओळखलं होतं. बरोबर ओळखलं होतं.

“ते ‘या’ म्हणायचे,” मी म्हटलं.

ते लिहून घेतलं गेलं. मग सर पुढे म्हणाले, अगदी सहज, वर्गात म्हणायचे तसं: “जे सांगून, दुसऱ्याच्या होकाराने मिळतं, ती मेहेरबानी. मेहेरबानी मोठी गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण तिला हक्क म्हणता येत नाही.” माझ्या टेबलाच्या काचेखालचं वाक्य होतं ते. थोडं बदललेलं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, इथे आता काही खरं नाही, दिवाणी कोर्टात जावं लागेल, त्याला वर्षं जातील. तो चिडला होता आणि ते रास्तच होतं. मी पायऱ्यांवर उभी होते तर सर जवळ आले.

“तुम्ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी,” ते म्हणाले. “तुम्ही तरी समजून घ्याल. मी तुमच्याविरुद्ध बोललो नाही, तत्त्वाचं बोललो. मी कधी तुम्हाला अडवीन का? वेळ आली की एक फोन करा. राखणदाराकडे किल्ली असते. हवं तर मी तसं लिहून देतो, कायमची परवानगी.”

“सर,” मी म्हटलं, “माझ्या आज्यालाही गावात सगळं मिळायचं. फक्त विचारावं लागायचं.”

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. हा माणूस लबाड असता तर माझा निम्मा राग कमी झाला असता. तो स्वतःला चांगलाच समजत होता आणि अजूनही समजतो. मी त्याच्या पायाशी बसून वर्षभर शिकले, माझं घर त्याला दाखवलं, माझ्या मेलेल्यांची वाट दाखवली, आणि त्याने त्यातलं हवं तेवढं उचललं, बाजारात भाजी निवडावी तसं.

परतताना जीपमध्ये आई कामशेतपर्यंत पिशवीचे बंद गुंडाळत-सोडत बसली. मग म्हणाली, “पन त्यो जेवलाय की आपल्या हितं.” तिला बाकी काही कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळलं होतं. हे एवढंच तिला कशात बसवता येत नव्हतं.

त्या वर्षात आईचा दम वाढत गेला. तिला एकच काळजी. आपलं कसं करणार? भावाने सांगितलं, गाडी करू, लोणावळ्याला नेऊ, तिथे सगळी सोय आहे. आई उठून बसली. “मला गाडीबिडीत घालायचं न्हाई. तुजा बाप जितं जळला तितंच मला न्ह्यायचं. त्याच वाटंनी.” थोडा दम खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आन त्या मानसाला इचारायचं न्हाई. फोन करशील गपचीप. तुजी लय वळख हाय त्याची.”

मी शब्द दिला. मग वकिलाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, “तेच बरोबर. कुणाला विचारू नका, कुणाला सांगूही नका. नव्या मालकाला नाही, जुन्या मालकालाही नाही. सरळ जा. आजपासून तरी वापर बिनपरवानगीचा दिसला पाहिजे.” मी विचारलं, “आबांनाही नाही? त्यांची तर आता जमीनही नाही.” तो म्हणाला, “त्यांनाच तर मुळीच नाही. त्या सांगण्यानेच आपला घात झालाय.”

आई भाद्रपदात गेली, सकाळी, चहा अर्धा पिऊन. आम्ही तिला पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलं, त्रिशरण-पंचशील झालं. मग तिरडी उचलायच्या आधीची ती वेळ आली. सगळे उभे होते. म्हाताऱ्या माणसांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कोण जाऊन आलं म्हणून. एका मावशींनी विचारलंही, “आबाला सांगितलं का कुनी?” भाऊ म्हणाला, “न्हाई. सांगायचं न्हाई.” मावशी मागे सरल्या, पण त्यांची नजर आबांच्या घराकडेच राहिली.

फाटकाला कुलूप होतं. राखणदार पुढे आला, तिरडी बघून मागे सरला आणि फोन लावू लागला. भावाने आणि दोघांनी फाटक बिजागऱ्यांवरून उचकटून काढलं आणि बाजूला निजवलं. आम्ही आत शिरलो. खाचरं राहिली नव्हती, त्यावर हिरवळ लावली होती, मधून फरशांची पायवाट. आमचा बांध कुठे होता ते मला सांगता आलं नसतं. खांदेकरी मात्र न बघता बरोबर त्याच रेषेत चालत होते.

माझा फोन वाजला. सरांचं नाव. मी घेतला नाही. पुन्हा वाजला. हातात तो घोंघावत होता आणि पुढे आई चालली होती. मग थांबला आणि संदेश आला. खडकाशी पोचल्यावर मी तो वाचला. “आत्ता कळलं. माझी परवानगी आहे, नि:संकोच जा. आईंना आदरांजली. त्यांच्या हातची चव विसरणार नाही.”

मी तो तीन-चारदा वाचला. आम्ही मागितली नाही तरी त्याने दिली होती. मागितली नाही म्हणून पाठवून दिली होती. आणि आईच्या कालवणाची आठवणही त्यातच घालून. मला त्या संदेशावर थुंकावंसं वाटलं. वकील नंतर म्हणाला, उत्तर देऊ नका, पुसूही नका. उत्तर दिलं तर परवानगी घेतली असं होईल. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

चिता रचत होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, आबा आलेत. मी वळून पाहिलं. फाटकाच्या मोकळ्या जागेत आबा उभे होते, खांद्यावर लाकूड घेऊन. आता त्यांना नीट उभंही राहवत नाही, दुसऱ्या हातात काठी होती. ते आत आले नाहीत. मी त्यांच्याकडे गेले, का कोण जाणे.

“मला कुनी सांगितलं न्हाई,” आबा म्हणाले. “रडनं ऐकलं तवा समजलं. येवढ्या वर्सांत असं कंदी झालं न्हाई. सांगायचं तरी, पोरी.”

मी शहरात राहते, कारखान्यात नीट बोलते, वर्गात तर फारच नीट बोलायचे. त्या वेळी तोंडातून आलं ते आईच्या बोलीत आलं.

“आबा, जिमीन इकली तवा तुमी आमाला सांगितलं व्हतं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वाकले, फार कष्टाने, आणि लाकूड खाली ठेवलं. बांधाचं टोक जिथे असायचं तिथे आता फाटकाचा खांब होता, त्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. मी उचलेन म्हणून क्षणभर थांबले असावेत. मी उचललं नाही. कुणीच उचललं नाही. जायच्या वाटेवर ते उचलायचं असतं आणि आम्ही केव्हाच पुढे निघून आलो होतो.

काही दिवसांनी आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले तेव्हा ते लाकूड तिथेच होतं, भिजून काळं पडलेलं. भावाने अग्नी दिला तेव्हा लाकडं पुरली होती, वस्तीतल्या प्रत्येक घराने आणली होती. आईच्या चितेवर आबांचं लाकूड नव्हतं.